आधी लोडचा हिशेब

अंबड एमआयडीसीत विजेचं पॅनेल बांधणारा माणूस आधी लोडचा हिशेब करतो. कोणत्या फीडरवर किती अँपिअर, बसबार किती जाडीचा, हे कागदावर ठरतं. मगच वायरमन पक्कड उचलतो. ‘आधी चालू करू, लागेल तसा बसबार वाढवू’ असं कुणी म्हटलं, तर त्याला पुन्हा आत घेणार नाहीत.

पॅनेलमधल्या कंट्रोल कार्डाच्या फर्मवेअरमध्ये मात्र हेच सर्रास खपतं.

फ्रीआरटीओएस ही रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलेली, २०१७ पासून अ‍ॅमेझॉनकडे असलेली रिअल-टाइम प्रणाली. करंट मोजणं, डिस्प्ले, मोडबसवरचा संवाद अशा प्रत्येक कामाचा तिच्यात वेगळा टास्क आणि प्रत्येक टास्कचा स्वतंत्र स्टॅक, म्हणजे रॅममधली कामापुरती जागा. हा स्टॅक कार्ड चालू असताना हीपमधून, म्हणजे रॅमच्या सामाईक साठ्यातून, मागता येतो. २०१६ च्या ९.०.० आवृत्तीपासून तो आधीच अ‍ॅरे म्हणून राखूनही ठेवता येतो. छोट्या कार्डासाठी ही दुसरी पद्धतच सक्तीची हवी. २० केबी रॅममध्ये स्टॅक मावत नसतील, तर बिल्ड करतानाच कोडचे तुकडे जोडणारा लिंकर अडतो. हीपवर विसंबलेला, ऐन वेळी तयार होणारा टास्क मात्र निफाडच्या द्राक्षबागेत पंप सुरू करताना अडू शकतो.

यातही खाचखळगे आहेत. स्टॅकचा आकार बाइटमध्ये नव्हे, वर्डमध्ये द्यायचा असतो: ३२-बिट कंट्रोलरवर १२८ म्हणजे ५१२ बाइट. ईएसपी३२ च्या आवृत्तीत तोच आकडा बाइटचा धरतात. कोड जसाच्या तसा तिकडे नेला, की स्टॅक पावपट. अ‍ॅरे ‘मेन’ फंक्शनच्या आत ‘स्टॅटिक’ न लिहिता ठेवला, तर कॉर्टेक्स-एमवर शेड्युलर सुरू होताच इंटरप्ट त्याच जागेवर लिहू लागतात.

आणि जागा राखली म्हणजे ती पुरेलच असं नाही. एखादा ‘प्रिंटएफ’ही स्टॅक फस्त करू शकतो. म्हणून उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कुठवर उतरलं होतं हे काठावरच्या खुणेवरून बघतात, तसं स्टॅक कमीत कमी किती उरला होता, हे सांगणारं फंक्शन फ्रीआरटीओएसमध्ये आहे. ते पूर्ण लोडवर, मोडबस चालू ठेवून तपासावं.

पॅनेलच्या दारामागे ड्रॉइंगची घडी ठेवायची रीत जुनीच आहे. ग्राहकाने त्याच खिशात आणखी एक कागद मागावा: टास्क, दिलेला स्टॅक, चाचणीत उरलेला स्टॅक.

— शॉपफ्लोअरवाला