आल्याला नवे-जुने कशाला?

2023 च्या पावसाळ्यात आले किलोला दोनशेच्या वर गेले, तेव्हा आम्हा रायपूरच्या रेल्वे कामगारांत शेतकऱ्याच्या नावाने बरीच शेरेबाजी झाली. बंधूंनो, ती योग्य होती का? आल्याचे आगर असलेल्या सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ.

तिकडे आले गाडीवर विकतात. गाडी म्हणजे 500 किलो. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण, आठ-नऊ महिन्यांनी काढणी. भाव नसला तर पीक जमिनीतच राखून पुढच्या वर्षी काढता येते. पण हे जमते कोणाला? ज्याच्या विहिरीला पाणी आणि हातात पैसा आहे, त्याला. सोसायटीचे कर्ज थकलेला एकरवाला नवे आलेच काढतो, आणि व्यापारी नवे-जुने वेगळे करून नव्याला भाव पाडतात. सरसकट खरेदीची शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच आम्हाला रास्त वाटते.

कृषी खाते म्हणते, उत्पादकता वाढवा. गादीवाफे, ठिबक, बेणेप्रक्रिया, उटाळणी हे सारे छोटा शेतकरी मन लावून करतो. पण एकरी आठ-दहा क्विंटल बेणे लागते. भाव चढले की बेणेही महागते आणि पीक निघेपर्यंत सगळ्यांनीच आले लावल्याने भाव कोसळतो. शिवाय त्याच रानात लागोपाठ आले घेतले की कंदकूज वाढते. फेरपालट करा, हा सल्ला बरोबरच आहे. पण ज्याला एकच एकर आहे त्याने ती करायची कुठे?

भाजीपाला महागला की निर्देशांक चढतो, आपला महागाई भत्ता वाढतो. तो आपण लढून मिळवला आहे. आल्याला मात्र हमीभावही नाही. नाशवंत मालासाठी केंद्राची बाजार हस्तक्षेप योजना आहे, पण राज्याने मागितल्याशिवाय ती लागू होत नाही. राज्याने ती काढणीच्या आधीच मागावी, भाव मातीमोल झाल्यावर नव्हे.

आता आपल्या खात्याविषयी. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. पुढे भाजीपाल्याला भाड्यात 50 टक्के सवलतही मिळाली. सवलत संपली, तशी ती गाडीही मागे पडली. छोट्या शेतकऱ्याच्या हजार-दोन हजार किलोंनी ट्रक भरत नाही. पार्सल डब्यात तेवढा माल सहज बसतो. ती सवलत पुन्हा सुरू करावी, असा ठराव आम्ही आमच्या शाखेच्या पुढील सभेत मांडणार आहोत. इतर शाखांनीही तो घ्यावा आणि प्रत केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावी.