जक्कयाने काय परत केले?



उपवासकाळ आला की आपण काय सोडायचे ते ठरवतो. कोणी मटण सोडतो, कोणी चहा, हल्ली तरुण मुले मोबाइलही सोडतात. चांगलेच आहे. पण काय परत करायचे, याची यादी केलेले घर आमच्या पाहण्यात नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला जक्कय आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. बुटका माणूस, उंबराचे झाड, यरीहोची गर्दी. मुलांना गोष्ट आवडते ती झाडामुळे. मोठ्यांनी मात्र त्यातला क्रम पाहावा. प्रभू येशू त्याला आधी हिशेब विचारत नाही, आधी त्याच्या घरी उतरायचे म्हणतो. सारे गाव कुरकुरते. पैशांची गोष्ट त्यानंतर निघते, आणि तीही जक्कय स्वतःहून काढतो. कृपा आधी आली, हिशेब मागून आला.

आता तो हिशेब बघा. आपली चूक आपणच कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश द्यावा, असे नियमशास्त्र सांगते (गणना 5:7). जक्कय चौपट देतो. चौपट भरपाई निर्गम 22:1 मध्ये आहे, ती मेंढरू चोरून कापणाऱ्यासाठी किंवा विकणाऱ्यासाठी. म्हणजे या जकातदाराने स्वतःला चोराचे माप लावले. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना, ती वेगळी. दान निराळे आणि परतफेड निराळी, हे त्याला नीट कळले होते.

यावर काही जण म्हणतील, ‘तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे, तुम्ही पुन्हा कर्मे कशाला आणता?’ त्यांनी पंडिता रमाबाईंची साक्ष वाचावी. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही. तारण कमवायचे नसते, ते घ्यायचे असते, हे कळले तेव्हा कुठे त्यांना शांती लाभली. मग त्या हात जोडून बसल्या काय? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. कृपा मिळालेल्या माणसाचे हात असे चालतात. पौलानेही रोमकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात हाच प्रश्न निकालात काढला आहे. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचे, हे त्याला ऐकवतसुद्धा नाही.

आमच्या हैदराबादेत हा प्रश्न फार घरगुती आहे. घर रिकामे करून गेलेल्या भाडेकरूचा अॅडव्हान्स आज देतो, उद्या देतो म्हणत राहिलेला. चिट्टी उचलली आणि पुढचे हप्ते बुडवले, भुर्दंड पडला शेजारणीला. गावाकडच्या जमिनीत बहिणीचा वाटा होता, तिची सही भावाने गोड बोलून घेतली. घरकामाच्या बाईचे आजारपणातले चार दिवस कापले. यातले काहीच कोर्टात जाणार नाही. कबुलीच्या वेळीही आपण रागाचे, आळसाचे बोलतो. या रकमा तोंडावर येत नाहीत, कारण त्या बोललो तर द्याव्या लागतील.

आणि एक पळवाट आम्हांला विशेष खटकते. त्या रकमेचे पाकीट करून मंदिराच्या दानपेटीत टाकायचे आणि मोकळे व्हायचे. शास्त्रात तशी सोय आहे खरी, गणना 5:8 मध्ये. पण ती केव्हा? ज्याचे नुकसान केले तो नाही आणि त्याचा कोणी आप्तही उरला नाही, तेव्हा. बहीण जिवंत आहे. घरकामाची बाई उद्या सकाळी दारात येईल. भाडेकरूचा नंबर अजून आपल्या फोनमध्ये आहे.