पाटी वाचली गेली पाहिजे

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सीमाभागातील मराठी माणसाला त्याचा आनंद झाला, यात नवल नाही. परंतु भाषा दर्जाने टिकत नाही, वापराने टिकते. हा वापर सर्वांच्या नजरेस पडतो तो दुकानाच्या पाटीवर, गल्लीच्या कोपऱ्यावरील फलकावर, शाळेतील तक्त्यावर आणि घरोघरी पडणाऱ्या पत्रकात. म्हणूनच भाषेच्या प्रश्नाचा विचार करताना या साध्या साधनांचा विचार टाळून चालणार नाही.

फलकाचे मोल सीमावासीयांना कोणी शिकवायला नको. येळ्ळूरच्या वेशीवरील फलक जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर हटविण्यात आला आणि पाठोपाठ गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. पुढे २०२४ साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून पाटीचा ६० टक्के भाग, तोही वरच्या बाजूस, कन्नडसाठी ठरवून दिला. कन्नड भाषेशी आमचे वैर कधीच नव्हते. आमची मागणी मराठीच्या हक्काची आहे आणि ती चालूच राहील. पण जी जागा आज आपल्या हातात आहे, तिचे आपण काय करतो?

हिशेबच करून पाहू. पाटी १० फूट लांब आणि ३ फूट उंच आहे असे धरू. ६० टक्के भाग सोडला तर खाली सुमारे १४ इंच उंचीची पट्टी उरते. तिच्यात मराठी आणि इंग्रजी निम्मी-निम्मी बसविली, तर मराठीला सात इंच मिळतात. वेलांटी, मात्रा आणि उकार यांना वर-खाली जागा सोडली की अक्षराची उंची राहते साडेतीन इंच. पाट्या रंगविणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे : एक इंच उंचीचे अक्षर १० फुटांवरून सहज वाचता येते. म्हणजे आपली ओळ ३५ फुटांवरून वाचता येईल. गणपत गल्लीच काय, त्याहून रुंद रस्त्यालाही एवढे पुरेसे आहे. मात्र त्याच सात इंचांत देवाचे नाव, मालकाचे नाव, दोन दूरध्वनी क्रमांक आणि 'आमची कोठेही शाखा नाही' हेही कोंबले की अक्षर एका इंचावर येते. मग मराठी पाटीवर असते, पण दुकानाच्या पायरीवर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही. ही गळचेपी कोणत्या सरकारने केली?

आपल्या संस्था-मंडळांच्या फलकांची कथा निराळी नाही. सभेचा फलक पाहावा, तर त्यावर पंधरा-वीस छायाचित्रे आणि तितकीच नावे असतात, पण सभा कधी आणि कोठे, हे शोधावे लागते. ज्याला यायचे आहे त्याला वार, वेळ आणि ठिकाण हवे असते. तेवढेच मोठ्या अक्षरांत द्यावे. मानपान सांभाळायला व्यासपीठ आहेच.

देवनागरीची स्वतःची काही पथ्ये आहेत. दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. जोडाक्षर लहान केले की शाईने भरते. इंग्रजीसारखी मोठी लिपी आपल्याकडे नाही, त्यामुळे महत्त्वाचा शब्द उठून दिसायला तो ठळक किंवा मोठा करावा लागतो. तिरप्या, नक्षीदार वळणाचा मोह शीर्षकापुरता ठेवावा. पिवळ्यावर काळे किंवा गडद निळ्यावर पांढरे लांबून दिसते, हिरव्यावर लाल नाही. काहींच्या डोळ्यांना तर हे दोन रंग वेगळे कळतच नाहीत.

चित्राचे सामर्थ्य याहून मोठे आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लिहिता-वाचता न येणाऱ्या कोट्यवधी मतदारांना चिन्हांच्या आधारे मत देता आले. त्याआधी १९२० च्या दशकात व्हिएन्नात ऑटो नॉयराथ यांनी आकडे चित्रांतून मांडण्याची पद्धत घडविली. तिचा मुख्य नियम प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा : मोठी संख्या दाखवायला चित्र मोठे करू नये, त्याच मापाची अधिक चित्रे काढावीत. कारण माणसाचे चित्र दुप्पट उंच केले की रुंदीही दुप्पट होते आणि दुपटीच्या जागी चौपट दिसते. असा तक्ता नकळत खोटे बोलतो.

हा नियम आपल्याच प्रश्नाला लावून पाहावा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेल्या संरक्षणांनुसार, एखाद्या भागात १५ टक्के किंवा अधिक लोक ज्या भाषेचे असतील, त्या भाषेतही महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध करावयाच्या असतात. हे वाक्य आपण निवेदनांत वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. पण गावातील किती जणांना ते ठाऊक आहे? एका कागदावर दहा ओळींत दहा-दहा घरे काढा. त्यांतील १५ रंगवा आणि खाली लिहा : 'इतके असलो तरी मराठीत सूचना मिळण्याचा हक्क.' शेजारी आपल्या तालुक्याचे जनगणनेतील प्रमाण तशाच शंभर घरांत दाखवा. शेतावरून परतणारी बाईसुद्धा ते पाहून प्रश्न विचारील आणि ग्रामपंचायतीला उत्तर द्यावे लागेल.

हीच गोष्ट मराठी शाळांच्या प्रवेशाची. 'मातृभाषेतून शिक्षण हीच काळाची गरज' या घोषवाक्याने पालक शाळेत येत नाही. मूल कोणत्या वयाचे हवे, कोणती कागदपत्रे आणायची, प्रवेश कधीपर्यंत, कन्नड आणि इंग्रजी कशी शिकविली जाते आणि भेटायचे कोणाला, ही पाच उत्तरे त्याला हवी असतात. ती पाच ओळींत, पाच साध्या चित्रांसह द्यावीत. इंग्रजी शाळांची रंगीत पत्रके घरोघरी जात असताना आपले पत्रक बारीक अक्षरांच्या दोन परिच्छेदांत अडकले, तर पटसंख्या घटल्याचा दोष एकट्या पालकाला देता येणार नाही.

खर्चाचे कारण पुढे करण्याची गरज नाही. कागद, ब्रश आणि दोन रंग प्रत्येक शाळेत असतात. छापण्याआधी मजकूर दोघांना दाखवावा : चौथीतील एका मुलाला आणि घरातील आजीला. मुलाने शेवटच्या बाकावरून तो वाचावा, आजीने त्यात काय सांगितले आहे ते आपल्या शब्दांत सांगावे. दोघांपैकी एक जरी अडला, तरी तो पुन्हा लिहावा.

१७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. उरलेल्या दिवसांत मराठी जागती ठेवण्याचे काम या पाट्या, तक्ते आणि पत्रके करतात. मराठी पाटीचा आग्रह धरणाऱ्यांनी ती वाचता येईल अशी लिहिण्याचाही आग्रह धरावा. जी पाटी कोणी वाचत नाही, ती उतरविली गेली तरी कोणाला कळणार आहे?