एकट्या एफएसएचवर विसंबू नका

अडतिशीतली बाई, मूल हवे आहे, पाळीच्या दुसऱ्या दिवशीचा एफएसएच ७. रिपोर्टात आकड्यापुढे तांबडी खूण नाही, त्यामुळे ‘सगळे नॉर्मल आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. त्याच रक्तात इस्ट्राडिओल मोजले असते आणि ते ९० पिकोग्रॅम निघाले असते, तर? अंडाशयातला साठा आटू लागला की बीजकोष आधीच्या पाळीचक्राच्या अखेरीसच वाढीला लागतात. त्यांचे इस्ट्रोजेन पिट्युटरीला दाबून धरते आणि एरवी चढला असता तो एफएसएच खालीच राहतो. तरीही चार पैसे वाचवायला इस्ट्राडिओलवर काट मारणारे आपल्यात कमी नाहीत. लॅबच्या फॉर्मवरचा शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना तर बहुधा कोराच जातो.

तारीख महत्त्वाची, कारण इस्ट्रोजेन नेहमीच लगाम घालत नाही. इस्ट्राडिओल २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन सुमारे दोन दिवस तिथेच टिकले, की तेच एलएचला उसळी घ्यायला लावते. ही किमया फक्त हायपोथॅलॅमसची, असा समज होता. एर्न्स्ट क्नोबिल यांच्या पिट्सबर्गच्या चमूने १९७०च्या दशकात ऱ्हिसस माकडिणींमध्ये हायपोथॅलॅमसचा जीएनआरएच सोडणारा भाग निकामी केला आणि बाहेरून दर तासाला जीएनआरएचचा एकसारखा ठोका दिला. ठोका बदलला नाही, तरी इस्ट्राडिओल वाढताच एलएच उसळला. म्हणजे पिट्युटरी स्वतःही इस्ट्रोजेनचे ऐकते.

प्रोलॅक्टिनही इस्ट्रोजेनने वाढते. गरोदरपणी पिट्युटरी फुगते ती त्या पेशींमुळेच. तेव्हा गरोदर बाईचे प्रोलॅक्टिन २०० दिसले म्हणून एमआरआयची चिठ्ठी लिहू नये.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: इस्ट्रोजेन तोंडाने की त्वचेवाटे? गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे हार्मोन वाहून नेणारी प्रथिने वाढवते. म्हणून गर्भनिरोधक गोळी घेणारीचे एकूण कॉर्टिसॉल भरघोस दिसते आणि अ‍ॅड्रिनलची उणीव झाकली जाते. तपासणीआधी गोळी सुमारे सहा आठवडे बंद हवी, अर्थात दुसरी गर्भनिरोधक सोय करूनच. थायरॉक्सिनवर असलेल्या बाईला रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली, तर टीएसएच वर सरकू शकतो. मग ‘गोळ्या वेळेवर घेत नाही’ म्हणून तिलाच बोल लावण्याऐवजी दोन-तीन महिन्यांत टीएसएच पुन्हा पाहून डोस वाढवावा. पॅच किंवा जेल लावणारीला सहसा याची गरज पडत नाही.