विश्लेषण : मोबाइल नंबर घेणाऱ्याची जबाबदारी किती?

औषधाच्या दुकानात बिल होताना ‘मोबाइल नंबर सांगा’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ग्राहक नंबर सांगतो, बिल मोबाइलवर येते. पण काही दिवसांनी त्याच नंबरवर मधुमेहाच्या तपासण्यांच्या जाहिराती येऊ लागल्या तर? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नेमका इथे लागू होतो.

कायद्यातच औषध दुकान

गंमत म्हणजे औषध दुकानाचे उदाहरण खुद्द कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. ग्राहकाने पावतीसाठी स्वतःहून नंबर दिला, तर दुकानाला तो पावती पाठवण्यासाठी वापरता येतो. जाहिरातीसाठी वापरायचा तर वेगळी संमती हवी. ती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती आणि स्पष्ट असावी लागते. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही.

माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला कायदा ‘डेटा फिड्युशियरी’ म्हणतो. सोप्या भाषेत, माहितीचा विश्वस्त. बँक, शॉपिंग अ‍ॅप आणि रुग्णालय यात येतातच. पाहुण्यांची नोंद अ‍ॅपवर ठेवणारी गृहनिर्माण सोसायटीही या व्याख्येतून सुटत नाही. वॉचमनकडची कागदी वही मात्र ती संगणकात जाईपर्यंत कायद्याबाहेर आहे.

‘आमच्या व्हेंडरकडून माहिती फुटली’ ही सबब चालणार नाही. काम बाहेर दिले तरी जबाबदारी विश्वस्ताचीच. माहिती फुटल्यास बाधित व्यक्तींना विनाविलंब कळवायचे, डेटा संरक्षण मंडळालाही कळवायचे आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. काम संपले किंवा संमती मागे घेतली की माहिती पुसायची. कायद्याने ठेवणे बंधनकारक असेल तेवढाच अपवाद. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. सुरक्षेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

आधी काय लागू झाले?

गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये दिला. कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातही विश्वस्तांवरील मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. माहिती अधिकार कायद्यातील बदल मात्र लगेच लागू झाला. व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती देण्याची कलम ८(१)(ञ) मधील तरतूद गेली. आता अर्जदाराला कलम ८(२) चाच आधार उरतो. कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्ष आणि प्रश्न विचारणाऱ्या नागरिकावर निर्बंध मात्र तत्काळ, हा क्रम खटकणारा आहे. शिवाय अधिसूचना काढून सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे.

दंड सरकारला, ग्राहकाला काय?

तक्रार आधी संबंधित विश्वस्ताकडेच करायची. तिच्या निवारणाची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. त्यानंतर मंडळाकडे दाद मागता येईल. पण मंडळाने ठोठावलेला दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

सध्या भरपाईचा एक मार्ग आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ नुसार पासवर्ड, बँक तपशील, वैद्यकीय नोंदी अशी संवेदनशील माहिती कंपनीच्या हलगर्जीमुळे फुटून नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. नव्या कायद्याने हे कलम वगळले आहे. विश्वस्तांवरील बंधने ज्या दिवशी सुरू होतील, त्याच दिवशी ते रद्द होईल. तोवर, म्हणजे मे २०२७ पर्यंत, हा मार्ग खुला आहे.