निजाम गेला, पहिलीच्या वर्गातली परकी भाषा गेली का? (धागा)

१/ दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरू लागते : "निजामाने मराठी मुलांवर उर्दू लादली, म्हणून मराठवाडा शिक्षणात मागे राहिला." वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग आज जालना एमआयडीसीत भट्टीपाशी काम करणाऱ्या मजुरांच्या खोल्यांत सापडतो. हा धागा त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

२/ आधी खरा भाग. हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू बोलत होती, पाव हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड. उर्दू मातृभाषा असलेले साधारण एक दशांश. तरीही १८८० च्या दशकात फारसी मागे पडून उर्दू राजभाषा झाली आणि पुढे तीच माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम ठरली. प्राथमिक इयत्तांत मराठीला जागा होती. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाला मात्र गणितही नव्या भाषेत शिकावे लागे आणि इतिहासही.

३/ १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. वैद्यक, कायदा, विज्ञान हे सारे एका भारतीय भाषेत शिकवता येते, हे त्याने दाखवले. भाषांतरासाठी स्वतंत्र खाते उभारले, परिभाषा घडवली. उर्वरित हिंदुस्थान इंग्रजीपुढे मान तुकवून बसलेला असताना हे धाडस असामान्य होते. जे उस्मानियाला केवळ जुलमाचे प्रतीक मानतात, ते इतिहासाचा एक मोठा प्रयोग नाकारतात.

४/ परंतु जे उस्मानियाचा केवळ गौरव करतात, तेही तितकेच चुकतात. "परकी इंग्रजी नको, आपली भाषा हवी" हे तत्त्व बरोबर होते. चूक "आपली" या शब्दात होती. आपली म्हणजे कोणाची? दरबाराची, की बाकावर बसलेल्या मुलाची? जालन्यातल्या मराठी मुलाला, परभणीतल्या शेतकऱ्याच्या पोराला उर्दू ही इंग्रजीहून जवळची होती, पण घरची नव्हती. राज्याची भाषा आणि मुलाची भाषा यांतला हा फरक ध्यानात ठेवावा. पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे.

५/ परिणाम आकड्यांत दिसतो. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. त्याच काळात शेजारी काय घडले होते? बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. हैदराबाद या दोन्हींहून कितीतरी मोठे आणि श्रीमंत संस्थान. पैसा होता, गावची शाळा ही राज्याची पहिली जबाबदारी आहे, ही जाणीव नव्हती.

६/ जिथे राज्य नव्हते तिथे दुसरे कोणी पोहोचले. खुद्द जालन्यात १८६० च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्चचे मिशन उभारले आणि शहराजवळ बेथेल ही वसाहत वसवली. ज्यांना गावच्या पंतोजीने कधी ओसरीवरही घेतले नसते, त्या जातींची मुले तिथे अक्षरे गिरवू लागली. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता. तो लपवलेलाही नव्हता. पण हेतूवर टीका करणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा : त्या मुलांसाठी दुसरी शाळा होती तरी कोणती?

७/ प्रजेनेही वाट काढली. खानगी शाळा काढायला सरकारी परवानगीचे जोखड होते. तरी औरंगाबादला सरस्वती भुवन, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईला योगेश्वरी नूतन विद्यालय अशी केंद्रे उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ हे आधी शिक्षक होते, मग मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढले गेले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले.

८/ इथे थांबून पाहावे. राज्याने हाकललेली मुले परप्रांतात गेली आणि त्या परप्रांताने त्यांना "तुम्ही आमचे नाही" असे म्हटले नाही. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा जो शैक्षणिक वारसा आहे, त्यात मराठीचा अभिमान आहे आणि परक्या गावाने उघडलेले दारही आहे. दारूची बाटली फोडून उद्घाटन करावे तसा या वारशाचा फक्त अभिमान तेवढा वापरायचा आणि दाराचे नाव काढायचे नाही, ही लबाडी आहे.

९/ १९४८ नंतर काय झाले? मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झाले; डॉ. आंबेडकरांनी मुंबईनंतर हे मागास ठिकाण जाणूनबुजून निवडले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शाळा मराठी झाली. हा न्याय होता आणि तो उशिरा मिळालेला न्याय होता.

१०/ त्याच १९५६ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, जी १७ सप्टेंबरच्या भाषणांत कधी येत नाही. राज्यपुनर्रचनेबरोबर सातवी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद ३५०-अ संविधानात आला : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. म्हणजे ज्या क्षणी मराठी मूल या राज्यात बहुसंख्य झाले, त्याच क्षणी संविधानाने बजावले की आता अल्पसंख्य झालेल्या दुसऱ्या मुलाचीही आठवण ठेवा.

११/ ते दुसरे मूल आज जालन्यात आहे. "जालना सोने का पालना" ही म्हण कापसाच्या व व्यापाराच्या जालन्याची. आजचे जालना बियाण्यांचे आहे आणि लोखंडाचे. एमआयडीसीत भंगार वितळते, त्याचे बिलेट होते, रोलिंग मिलमधून सळई निघते आणि ती राज्यभरच्या इमारतींत जाते. या भट्ट्यांवर मराठी मजुरांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश व इतर राज्यांतले मजूर मोठ्या संख्येने राबतात. काही एकटे येतात, काही बायकामुलांसह.

१२/ सहा वर्षांची एक मुलगी कल्पावी. घरी भोजपुरी बोलते. बाप ठेकेदाराच्या हाताखाली. काम संपले की दुसऱ्या मिलमध्ये, कधी दुसऱ्या शहरात. ती शाळेत येते ती जूनमध्ये नव्हे, ऑक्टोबरात. बाई मराठीत बोलतात, फळ्यावर मराठी, शेजारची मैत्रीण मराठी. लिपी ओळखीची, पण शब्द परके. फेब्रुवारीत बाप पुन्हा हलतो. तिच्या जागी १९३० सालचा जालन्याचा मराठी मुलगा आणि फळ्यावर उर्दू बसवून पाहावे. फरक फक्त एवढाच की त्या मुलाचे दुःख सांगायला आज व्यासपीठे आहेत.

१३/ यावर पहिला प्रतिवाद ठरलेला : "महाराष्ट्रात आलात तर मराठी शिका." शिकावीच. जिथे राहायचे तिथली भाषा यावी, यात दुमत नाही. आणि लहान मूल ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकते. पण भाषा शिकणे वेगळे आणि न समजणाऱ्या भाषेत बेरीज-वजाबाकी शिकायला लावणे वेगळे. पहिली गोष्ट शिक्षण आहे, दुसरी गळतीची तयारी.

१४/ ही गोष्ट महाराष्ट्राने स्वतःच मोठ्याने सांगितली आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याला मराठी समाजाने विरोध केला. २९ जून २०२५ रोजी शासनाने ते निर्णय मागे घेतले. विरोधाचा सर्वांत सबळ मुद्दा शैक्षणिक होता : कोवळ्या वयात मुलावर भाषेचा बोजा टाकू नये. मुद्दा खरा असेल, तर तो सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाबाबत खरा आहे. भोजपुरी मुलीला तो लागू होत नसेल, तर तो मुद्दा मुळात शिक्षणाचा नव्हताच.

१५/ पश्चिम आफ्रिकेने हा प्रश्न आपल्याहून कठीण रूपात हाताळला. फ्रेंच वसाहतींत मुलाने शाळेत घरची भाषा बोलली की त्याच्या गळ्यात शिक्षेचे चिन्ह अडकवत. नायजेरियात १९७० मध्ये इले-इफे येथे बाब्स फाफुन्वा यांच्या पुढाकाराने उलटा प्रयोग झाला : सहा वर्षे सर्व विषय योरुबात, इंग्रजी हा वेगळा विषय. या वर्गांतली मुले इतर विषयांत पुढे गेलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. घरची भाषा पक्की झाली की दुसरी भाषा तिच्या आधाराने चढते.

१६/ दुसरा प्रतिवाद पैशाचा. गोल्ड कोस्टने (आजचे घाना) १९५१ मध्ये, स्वातंत्र्यही मिळाले नव्हते तेव्हा, क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारच्या योजनेतून प्राथमिक शाळेची फी रद्द करण्याचे ठरवले. नायजेरियाच्या पश्चिम प्रांताने १९५५ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. दोन्हीकडे शिक्षक अपुरे, वर्ग अपुरे, टीका भरपूर. तरी आधी दार उघडले, मग खोली मोठी केली. कोको विकणाऱ्या वसाहतीला जमले ते सळई विकणाऱ्या शहराला जमू नये?

१७/ तिसरा प्रतिवाद सर्वांत जुना : "या लोकांनाच शिक्षणाची आवड नाही." १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले, तेव्हाही शेतकऱ्यांच्या मुलांबद्दल हेच बोलले जात होते. फुल्यांनी उत्तर हिशेबाने दिले : कर रयतेचा, खर्च उच्चवर्गीयांच्या उच्च शिक्षणावर. तोच हिशेब एमआयडीसीला लावावा. सळईच्या प्रत्येक टनात त्या मजुराचा घाम आहे. त्या टनावरच्या करातून चालणाऱ्या शाळेत त्याच्या मुलीची जागा किती?

१८/ आणि जालनेकरांना तर हे परके वाटायलाच नको. याच जिल्ह्यातली कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे हवीत, कानडी मुलखात मराठी शिक्षक हवा, असे आपण म्हणतो, योग्यच म्हणतो. मग एकच जिल्हा मुले पाठवताना एक न्याय मागतो आणि मुले घेताना दुसरा देतो, हे कसे चालेल?

१९/ कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ९(ट) स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते; कलम ४ वयानुरूप वर्ग व विशेष प्रशिक्षण देते; कलम २९ शक्य तितके मातृभाषेतून शिकवा म्हणते. म्हणजे मूल शाळेत आले नाही तर दोष मुलाच्या बापाचा ठरवण्याआधी कार्यालयाचा ठरतो.

२०/ उणीव एका ठिकाणी खरोखर आहे. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहामळ्यात मजुरांची सहा ते बारा वयाची पंचवीसहून अधिक मुले असतील, तर मालकाला शिक्षणाची सोय करायला लावण्याचा अधिकार राज्याला दिला. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात राहण्याची व औषधपाण्याची तरतूद झाली. शाळेची झाली नाही. चहाच्या मळ्यातल्या मुलाला जे मिळाले, ते भट्टीशेजारच्या मुलाला का नाही, याचे उत्तर सत्तर वर्षांत कोणी दिलेले नाही.

२१/ करायचे काय, हेही अवघड नाही. दिवाळीनंतर एमआयडीसीतल्या वस्त्यांत मुलांची दरवर्षी मोजणी. पहिल्या वर्षी हिंदी जाणणारा एक साहाय्यक शिक्षक. बालभारती हिंदीतही पुस्तके छापते; ती मराठी पुस्तकाशेजारी ठेवणे. मूल हलले तर त्याची नोंद पुढच्या शाळेकडे जाणे. खर्चात कारखानदारांचा कायदेशीर वाटा. मराठवाड्यात मराठी आणि उर्दू शाळा शेजारी शेजारी चालतातच; दोन भाषा सांभाळणे इथल्या यंत्रणेला नवे नाही.

२२/ निजामाच्या राजवटीवरचा आरोप कायम राहावा. पण आरोप हे मोजमाप असते आणि ज्या मापाने दुसऱ्याला मोजले, त्याच मापाने स्वतःलाही मोजावे लागते. येत्या १७ सप्टेंबरला जालन्यात झेंडा फडकेल, मुक्तिसंग्रामाच्या शाळांची नावे घेतली जातील. त्या वेळी एमआयडीसीतल्या किती मुलांना ते भाषण ऐकायला शाळेच्या पटांगणात जागा असेल आणि किती मुलांना ते समजेल, एवढे मोजले तरी अर्धे वाक्य पुरे होईल.