ढेकूण झाले म्हणून लाजायचे कशाला?

घरात ढेकूण झाले की आपण कुणाला सांगत नाही. पाहुणे आले तर गादीवर धुतलेली चादर टाकतो आणि गप्प बसतो. वस्तीतल्या माणसाला 'घाणेरडे' म्हणून हिणवणारे आधीच पुष्कळ. त्यात ही भर कशाला, असे वाटते. पण माझ्या मते ही लाजच ढेकणांना पोसते.

ढेकूण घाणीवर जगत नाही, त्याला फक्त रक्त लागते. म्हणून तो पत्र्याच्या घरात होतो तसा मोठ्या हॉटेलातही होतो. २०२३ साली पॅरिस शहरात ढेकणांवरून केवढी ओरड झाली! प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या पलंगातून तो घरात येतो आणि भिंतीच्या फटीतून शेजारी जातो. दिवसा गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, कॅलेंडरमागे, अगदी बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीमागेही लपतो.

चावल्याच्या गांधी बऱ्याचदा एका ओळीत उठतात. ढेकणांमुळे माणसांत रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. पण झोप जाते, खाजवून जखमा पिकतात. रात्रभर जागलेली बाई सकाळी विड्या वळायला बसते, मूल शाळेत पेंगते. मात्र बोटांच्या बेचक्यात खाज असेल आणि घरात एकापेक्षा जास्त जणांना असेल, तर ती खरूज असू शकते. दवाखान्यात दाखवा.

ढेकणापेक्षा मोठा धोका त्याच्यावरच्या भलत्या उपायांचा आहे. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. शेतातले फवारणीचे औषध आणि रॉकेलही नको.

ढेकूण कडक उष्णतेने मरतो. कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुवा. पलंगाच्या सांध्यांत उकळते पाणी जपून ओता. गोधडी नुसती उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर ठेवा, मधून उलटा. भिंतीच्या फटी बुजवा. अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून हे दर आठवड्याला, निदान महिनाभर करा. घर बंद ठेवून उपयोग नाही. ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने जगतो.

आणि हे एकट्या घराचे काम नाही. तुम्ही साफ केले आणि शेजाऱ्याने लपवले, तर ढेकूण परत तुमच्याकडेच. जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून जमवतो, मग याच कामाला संकोच का? येत्या रविवारी विहारात वंदना झाली की हा विषय काढा. ओळीतल्या सगळ्या घरांनी एकच दिवस ठरवा. फवारणी करायचीच झाली, तर मिळून परवानाधारक माणूस बोलवा. पहिले तुम्ही बोला. मग शेजारीही बोलतील.